प्रक्षेपण तळाकडे सरकणारा वणवा: तयारी, कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

रॉकेटच्या प्रक्षेपण तळाकडे वणवा येत असेल तर काय करावे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक सराव-आराखड्यांत एकाच वाक्यात संपते: सगळे बंब लाँच पॅडभोवती उभे करावेत आणि पाण्याचा मारा सुरू करावा. या उत्तरात कामाचा क्रमच उलटा लावलेला आहे. पॅडभोवती बंब उभे केले की आगीच्या बगला, म्हणजे दोन्ही बाजू, मोकळ्या राहतात आणि माणसे नेमकी सर्वांत घातक साठ्यांच्या शेजारी अडकतात. शिवाय त्या साठ्यांपैकी काहींवर पाणी मारणेच चूक असते.

हा लेख औद्योगिक अग्निसुरक्षेचे काम करणाऱ्या आणि शिकणाऱ्या वाचकांसाठी आहे. उदाहरणे मुख्यतः अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील व्हँडेनबर्ग तळाची घेतली आहेत. तिथे झुडपी रान, समुद्री वारा आणि रॉकेटे वर्षभर शेजारी नांदतात, आणि या तळाने दोन मोठे वणवे अंगावर घेतले आहेत. त्यांपैकी २० डिसेंबर १९७७ रोजी होंडा कॅन्यनमध्ये लागलेल्या वणव्यात चौघांचा बळी गेला. १७ सप्टेंबर २०१६ रोजी लागलेल्या कॅन्यन फायरमध्ये सुमारे साडेबारा हजार एकर रान जळाले आणि वर्ल्डव्ह्यू-४ या उपग्रहाचे दुसऱ्याच दिवशी ठरलेले ॲटलास-५ रॉकेटवरील उड्डाण ११ नोव्हेंबरपर्यंत लांबले. श्रीहरिकोट्यासारख्या झाडीने वेढलेल्या तळालाही यातले बरेचसे जसेच्या तसे लागू पडते.

टप्पा १: पॅडवर काय भरले आहे, याची यादी वणव्याच्या हंगामाआधी करा

सगळ्यांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा, कारण पुढचे प्रत्येक पाऊल त्यावर अवलंबून असते. बाहेरून मदतीला आलेल्या जिल्हा किंवा वन विभागाच्या दलाला कुंपणाआडची उंच इमारत दिसते. तिच्या पोटात काय आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. म्हणून प्रत्येक पॅडसाठी एक पानी तक्ता तयार ठेवावा आणि साठा बदलला की तो त्याच दिवशी बदलावा. तक्त्यात पुढील पदार्थांची नोंद वेगवेगळी असायला हवी.

घन इंधनाच्या मोटारी, म्हणजे घन इंधनावर चालणारी रॉकेट इंजिने: यांत अमोनियम परक्लोरेट हा ऑक्सिडायझर (जळण्यासाठी ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) इंधनातच मिसळलेला असतो. त्यामुळे हवा तोडून, फेस मारून किंवा पाणी ओतून पेटलेली मोटार विझत नाही. जळताना हायड्रोजन क्लोराइड हा वायू बाहेर पडतो. अशा मोटारीला वणव्याची झळ लागू न देणे, एवढेच आपल्या हातात असते.

हायड्राझिन गटातील इंधने आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड: ही जोडी एकत्र आली की ठिणगीशिवाय पेट घेते. टेट्रॉक्साइड साधारण २१ अंश सेल्सिअसलाच उकळते, त्याची वाफ तांबूस-तपकिरी दिसते आणि पाण्याशी संयोग झाला की नायट्रिक आम्ल तयार होते. उपग्रहाच्या टाकीत हायड्राझिन थोडेच असते, पण ते तिथे आहे याचाच विसर पडतो, कारण लोकांचे सगळे लक्ष रॉकेटच्या टाक्यांकडे असते.

द्रवरूप ऑक्सिजन, हायड्रोजन आणि मिथेन: यांचे उत्कलनबिंदू अनुक्रमे उणे १८३, उणे २५३ आणि उणे १६२ अंशांच्या आसपास आहेत. हायड्रोजनची ज्योत दिवसा जवळपास दिसत नाही. द्रवरूप ऑक्सिजन डांबरी रस्त्यावर सांडला तर भिजलेले डांबर नुसत्या धक्क्याने भडकू शकते. म्हणून गळतीची वाफ पूर्ण विरेपर्यंत त्या रस्त्यावर गाडी नेऊ नये आणि पाऊलही ठेवू नये.

स्फोटकांच्या कोठारांवर अमेरिकेतील लष्करी तळांवर नारिंगी पाट्या असतात आणि त्यांवर काळ्या अक्षरात १ ते ४ आकडे असतात. अष्टकोनी पाटीवरचा १ म्हणजे सगळा साठा एकदम उडण्याचा धोका. फुलीच्या आकारातला २ म्हणजे तुकडे उडवणारे स्फोट. उलट्या त्रिकोणातला ३ म्हणजे प्रचंड आग आणि पत्त्यांतल्या चौकटच्या आकारातला ४ म्हणजे मध्यम आग. आकडा धुरात दिसला नाही तरी आकारावरून धोका ओळखता यावा, म्हणून आकार वेगवेगळे ठेवले आहेत. मदतीला येणाऱ्या प्रत्येक दलाच्या माणसांना हे चार आकार तोंडपाठ करून घ्यावेत.

शेवटची नोंद जमिनीची. आजचा व्हँडेनबर्ग १९४१ मध्ये कॅम्प कुक या नावाने लष्करी सराव-छावणी म्हणून सुरू झाला होता आणि त्या काळातील न फुटलेला दारूगोळा तिथल्या रानात आजही सापडतो. अशा पट्ट्यात डोझर घालता येत नाही आणि माणसांनाही रस्ता सोडून जाता येत नाही. हे पट्टे नकाशावर लाल रंगाने दाखवलेले असावेत. चुमाश या मूळ रहिवाशांची पुरातन स्थळेही याच दऱ्यांत आहेत. डोझर कुठून न्यायचा, हे शांत वेळी ठरवले असेल तर ती वाचतात.

> तपासणी: तक्ता फक्त संगणकात आहे की छापील प्रत मुख्य फाटकावरही आहे? वणव्यात सर्वांत आधी वीज जाते.

टप्पा २: रान मोकळे करा, पण कुंपणापर्यंतच थांबू नका

पॅडभोवतीचा काँक्रीटचा पट्टा जळत नाही, म्हणून पॅड सुरक्षित आहे, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो सोडून द्यायला हवा. वणवा सलग भिंतीसारखा चालून येतोच असे नाही. वाऱ्यावर उडालेले निखारे त्याच्या कितीतरी पुढे जाऊन पडतात. निलगिरीची सुटलेली साल पेटत्या अवस्थेत लांबवर उडते, आणि व्हँडेनबर्गवर निलगिरीची बने आहेत. हे निखारे केबलच्या चरांत, वायुवीजनाच्या जाळ्यांत, छपराच्या पन्हळीतल्या पाचोळ्यात आणि लाकडी पॅकिंगच्या ढिगाऱ्यात जाऊन बसतात. म्हणून सफाईची सुरुवात इमारतीपासून करावी आणि बाहेर सरकत जावे:

१. इमारतीला चिकटलेला पाचोळा, लाकूड, ताडपत्र्या आणि रिकामे ड्रम हलवावेत. केबलच्या चरांची झाकणे बसवावीत आणि हवेच्या झडपांना बारीक धातूची जाळी लावावी.

२. त्यापुढच्या पट्ट्यात गवत अगदी तोकडे ठेवावे आणि झुडपे विरळ करावीत. कापलेला माल तिथेच पडू देऊ नये. कापून ठेवलेले वाळके गवत उभ्या हिरव्या झुडपापेक्षा लवकर पेटते, आणि ही चूक दरवर्षी होते.

३. त्याहीपुढे डोंगरधारांवर आणि रस्त्यांच्या कडेने जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी गवत-झुडपे काढून मोकळे केलेले पट्टे, काढाव्यात. महाराष्ट्रातील वनरक्षक हे काम उन्हाळ्याआधी करतात, तत्त्व तेच आहे. मात्र जाळरेषा उताराच्या मध्यावर न काढता धारेवर किंवा पायथ्याशी काढावी. चढावर आग वेगाने धावते आणि मधली रेषा ओलांडते.

४. जिथे शक्य असेल तिथे नियंत्रित पद्धतीने रान जाळून घ्यावे. फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्राभोवतीच्या मेरिट आयलंड अभयारण्यात हे नियमाने केले जाते. अडचण धुराची असते: उपग्रह उघड्या अवस्थेत जोडला जात असेल तर त्या दिशेने धूर जाऊ देता येत नाही. जाळण्यायोग्य दिवस आणि प्रक्षेपणाचे वेळापत्रक यांची सांगड घालावी लागते, म्हणून दोन्ही कॅलेंडरे एकाच भिंतीवर हवीत. ही सांगड जमली नाही की जाळणे पुढे ढकलले जाते, रान वाढत जाते आणि मग ते आपल्या सवडीने न जळता वाऱ्याच्या सवडीने जळते.

प्रक्षेपणामुळेही रान पेटते. टेक्सासमध्ये बोका चिका येथे सप्टेंबर २०२२ मधील इंजिन चाचणीनंतर सुमारे ६८ एकर गवताळ जमीन जळाली. अशा वेळी बंब लगेच आत जाऊ शकत नाहीत, कारण टाक्या रिकाम्या होऊन पॅड सुरक्षित ठरेपर्यंत कुणालाही प्रवेश नसतो आणि तेवढ्या वेळात आगीला मोकळे रान मिळते. चाचणीच्या दिवशी वाऱ्याच्या दिशेकडील गवत आधीच कापून आणि भिजवून ठेवणे, हा त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

टप्पा ३: एकच कमांड, एकच नकाशा

वणवा लागल्याची पहिली खबर आली की अग्निशमन प्रमुख, रेंजचा (प्रक्षेपण क्षेत्राचा) सुरक्षा अधिकारी, प्रक्षेपण पथकाचा प्रतिनिधी आणि बाहेरच्या दलाचा प्रमुख यांनी एकाच जागी बसावे. फोनवरून जोडलेले असणे पुरेसे नाही. पॅडवरच्या माणसाला रॉकेटची स्थिती ठाऊक असते, रानातल्या माणसाला आगीची. निर्णयाला दोन्ही लागतात.

बाहेरून येणाऱ्या प्रत्येक दलासोबत तळाचा एक वाटाड्या द्यावा. वायरलेसची चॅनेले आधीच जुळवून घ्यावीत. रस्ते अरुंद असतील तर टँकरसाठी येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी ठेवावी. २०१६ च्या वणव्यात मदतीला निघालेल्या शेजारच्या जिल्ह्यातील एका जवानाचा मृत्यू झाला, तो पाण्याचा टँकर उलटल्याने. अर्ध्या भरलेल्या टाकीत पाणी हेलकावे खाते आणि वळणावर गाडीचा तोल जातो. टँकर पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा चालवावा, आणि घाई कितीही असली तरी वळणावर वेग कमी करावा.

टप्पा ४: पहिल्या तासात रॉकेटचा निर्णय

हा निर्णय अग्निशमन दलाचा नाही, पण दलाने तो लवकर मागून घ्यायचा असतो. पुढील क्रमाने प्रश्न विचारावेत.

१. अतिशीत द्रव टाक्यांत आहेत का? ॲटलास-५ सारख्या रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजन आणि हायड्रोजन उड्डाणाच्या दिवशीच भरले जातात. ते भरलेले असतील तर उलटगणती थांबवून ते परत साठवण टाक्यांत घेण्याला वेळ लागतो आणि तोवर पॅडवर वीज व माणसे लागतात. आग पोहोचण्याच्या अंदाजाहून हा वेळ कमी आहे का, ते तपासावे.

२. काय काढता येणार नाही? घन मोटारी आणि उपग्रहातील इंधन काही तासांत उतरवता येत नाही. ते जागेवरच राहणार, हे गृहीत धरून संरक्षण आखावे.

३. फिरता सेवा-मनोरा रॉकेटभोवती आणता येईल का? निखारे आणि उष्णता यांपासून त्याचा आडोसा मिळतो. मात्र आतले वायुवीजन बाहेरची हवा ओढत नसल्याची खात्री करून घ्यावी.

४. उपग्रहाला मिळणारी गाळलेली, कोरडी हवा कोणत्या विजेवर चालते? मुख्य वाहिनी तुटली तर जनरेटर किती तास चालेल आणि त्याला डिझेल कोण पोहोचवणार? पृथ्वीची छायाचित्रे घेणाऱ्या उपग्रहाच्या आरशांवर काजळी बसली तर आग मैलभर दूर राहूनही नुकसान होते.

> इशारा: पंखे चालू ठेवून बाहेरच्या हवेची झडप उघडी राहणे, ही या टप्प्यातील सर्वांत सामान्य चूक आहे. झडप बंद असल्याची खात्री नियंत्रण कक्षातल्या दिव्यावरून करू नये, प्रत्यक्ष पाहून करावी.

टप्पा ५: माणसे बाहेर काढा

अनावश्यक कर्मचारी पहिल्या तासातच बाहेर जावेत. जमण्याची जागा धुराच्या विरुद्ध बाजूला असावी आणि वारा बदलला तर वापरायची दुसरी जागा आधीच जाहीर केलेली असावी. हजेरी तोंडी घेऊ नये, यादीवर खुणा करून घ्यावी. पॅड सुरक्षित करण्यासाठी मागे थांबणाऱ्या मोजक्या तंत्रज्ञांची नावे आणि निघण्याची वेळ कमांडच्या फलकावर लिहिलेली असावी. त्यांना बाहेर कोण आणणार, तेही तिथेच लिहावे.

टप्पा ६: आगीला रानात गाठा

आता बंब हलवायचे. कुठे, ते वारा ठरवतो. व्हँडेनबर्गवर दिवसा बहुधा वायव्येकडून समुद्री वारा असतो, पण शरद ऋतूपासून पुढे जमिनीकडून समुद्राकडे कोरडे, जोरदार वारे सुटतात. १९७७ मध्ये असेच वारे होते, झोत ताशी १६० किलोमीटरपर्यंत गेले होते. विजेचे खांब पडून आग लागली आणि मरण पावलेल्यांत तळाचे प्रमुख व अग्निशमन प्रमुख यांचाही समावेश होता. अनुभव आणि अधिकार असलेली माणसेही बदलत्या वाऱ्यात आगीसमोर सापडू शकतात. त्या घटनेनंतर तळाने रानातल्या आगीसाठी स्वतःचे हॉटशॉट पथक, म्हणजे वणव्याशी लढणारे खास प्रशिक्षित पथक, उभे केले.

काम पुढील क्रमाने करावे:

१. पक्की सुरुवात शोधा. रस्ता, खडकाळ कडा किंवा आधीच जळलेला भाग अशा ठिकाणापासून रेषा सुरू करावी, म्हणजे आग वळसा घालून पाठीमागे येणार नाही.

२. चार गोष्टी ठरल्याशिवाय कुणालाही आत पाठवू नका: टेहळणीवर कोण आहे, संपर्क कोणत्या चॅनेलवर आहे, सुटकेच्या दोन वाटा कोणत्या आणि सुरक्षित जागा कुठे. सपाट जमिनीवर, वारा नसताना, सुरक्षित जागेत माणूस ज्वाळेच्या उंचीच्या किमान चौपट अंतरावर राहू शकला पाहिजे. उतार आणि वारा असेल तर याहून बरेच जास्त अंतर लागते. दहा मीटर ज्वाळेसाठी चाळीस मीटर हा किमान आकडा आहे, पुरेसा आकडा नव्हे.

३. बगलेने पुढे जा. आगीच्या शेपटीकडून (मागच्या टोकाकडून) दोन्ही बगला आवळत तोंडाकडे, म्हणजे पुढे सरकणाऱ्या टोकाकडे, जावे. पॅड वाचवण्याच्या ओढीने थेट तोंडासमोर जाणे, विशेषतः दरीच्या वरच्या टोकाला उभे राहणे, हा जिवावरचा धोका आहे. अरुंद दरी धुराड्यासारखी आग वर ओढते.

४. काउंटर फायर शेवटी आणि परवानगीनेच. जाळरेषा पूर्ण, वारा स्थिर आणि समोर आपले कुणी नाही, या तिन्ही अटी पूर्ण झाल्यावरच उलट आग लावावी. तिचा धूर कोणत्या इमारतीकडे जाईल, हे प्रक्षेपण पथकाला आधी कळवावे.

५. विजेच्या तारांखालून रेषा नेऊ नका. दाट धुरातून वीज जमिनीकडे झेपावू शकते. पडलेली तार बंद आहे, असे वीज विभागाने कळवेपर्यंत ती चालू आहे असेच धरावे.

टप्पा ७: हेलिकॉप्टर आणि विमाने

हवेतून टाकलेले लाल अग्निरोधक रसायन आग विझवत नाही, ते पुढच्या झुडपांना पेटू देत नाही. म्हणून ते आगीवर ओतण्यापेक्षा पॅड आणि आग यांच्या मधल्या धारेवर पसरावे आणि लगेच जमिनीवरच्या पथकाने ती रेषा पक्की करावी. ते रॉकेटवर, अँटेनांवर किंवा विजेच्या उपकेंद्रावर पडू देऊ नये. समुद्राचे खारे पाणीही अशा उपकरणांवर टाकू नये, कारण आग गेल्यावर गंज मागे राहतो. ज्यांवर काहीही टाकायचे नाही अशा इमारतींचे नकाशे वैमानिकांना उड्डाणाआधी द्यावेत.

टप्पा ८: आग तरीही पॅडजवळ आली तर

पॅडवर पाण्याची मोठी यंत्रणा असते, ती उड्डाणाच्या वेळचा आवाज आणि उष्णता शोषण्यासाठी. तिची टाकी मर्यादित असते आणि उड्डाणाच्या हिशेबाने फार थोड्या वेळात रिकामी होते. म्हणून आग दूर असताना ती सुरू करू नये. निखारे पडू लागल्यावर, उघड्या चरांवर आणि भिंतींवर, थांबून थांबून वापरावी. तिच्या झडपांना वीज लागते का, हे पहिल्या टप्प्याच्या तक्त्यात लिहिलेले असायला हवे.

अतिशीत टाक्यांचे बाहेरचे कवच थंड ठेवायला पाणी चालते, पण दाब सोडणाऱ्या झडपांच्या तोंडावर पाणी मारू नये. ते तिथे गोठते, तोंड बंद होते आणि टाकीतला दाब वाढत जातो. निखारे विझवण्याच्या घाईत ही चूक सहज होते, म्हणून अशा प्रत्येक झडपेजवळ ठळक रंगाची खूण असावी.

पुढील कोणतीही गोष्ट दिसली तर प्रमुखाच्या हुकमाची वाट न पाहता माघार घ्यावी: तांबूस-तपकिरी वाफ, घन मोटारीच्या कवचाला किंवा तिच्या इमारतीला लागलेली आग, स्फोटकांच्या पाटीवर १ किंवा २ असलेल्या कोठाराला प्रत्यक्ष भिडलेली ज्वाळा, टाकीच्या झडपेचा वाढत जाणारा शीळेसारखा आवाज. माघार वाऱ्याला आडवी आणि मग वारा जिकडून येतो त्या बाजूला असावी. वाफेच्या पुढे, वाऱ्याच्या दिशेने पळणारा माणूस तिच्यातच सापडतो.

> तपासणी: बंबांची तोंडे बाहेर पडण्याच्या दिशेला आहेत का? किल्ली गाडीतच आहे का? नळ्या कापून निघण्याची परवानगी जवानांना आधी दिली आहे का? नळ्या गोळा करत बसण्यात माणसे अडकतात.

टप्पा ९: धुमसती आग आणि पॅड परत ताब्यात देणे

ज्वाळा दिसेनाशा झाल्या की दल माघारी बोलावण्याचा दबाव येतो, कारण उड्डाण आधीच लांबलेले असते. त्याला बळी पडू नये. झुडपांची मुळे आणि निलगिरीचे बुंधे जमिनीखाली कित्येक दिवस धुमसतात आणि वारा सुटला की पुन्हा उठतात. रेषेच्या आतल्या बाजूने माती खणत, हाताची पाठ तिच्याजवळ नेऊन ऊब चाचपत पुढे जावे. तळवा लावू नये, भाजला तर दिवसभराचे काम थांबते. रात्री उष्णता दाखवणारा कॅमेरा वापरावा. दारूगोळ्याच्या पट्ट्यात मात्र खणू नये. तिथे फक्त पहारा ठेवावा आणि न फुटलेला गोळा दिसला तर जागा खुणेने दाखवून तज्ज्ञांना बोलवावे.

पॅड परत देताना पुढील क्रम पाळावा. आधी वीजवाहिन्या आणि केबलचे चर तपासावेत. मग हवेचे सगळे गाळक बदलावेत, ते स्वच्छ दिसत असले तरी. त्यानंतर स्वच्छ कक्षातील हवेचे आणि पृष्ठभागांवरील कणांचे मोजमाप घ्यावे. रस्ते, अँटेना आणि संपर्काच्या तारांची तपासणी त्यापुढे. उड्डाण मार्गावर नजर ठेवणारी उपकरणे पॅडपासून लांब, डोंगरावर असतात. त्यांची वीज गेलेली असेल तर पॅड ठणठणीत असूनही उड्डाण होऊ शकत नाही. आणि जळालेल्या उतारांखालचे नाले व मोऱ्या पहिल्या मोठ्या पावसाआधी मोकळ्या करून घ्याव्यात, कारण झुडपांची पकड सुटलेली माती त्याच रस्त्यांवर येते ज्यांवरून टँकर आणि रॉकेटचे भाग ये-जा करतात.

ताबा देण्याच्या कागदावर अग्निशमन प्रमुख आणि रेंजचा सुरक्षा अधिकारी या दोघांच्याही सह्या असाव्यात. त्यात कोणत्या भागात पहारा चालू आहे आणि तो कधीपर्यंत राहील, हे तारखेसह लिहिलेले असावे. पहिल्या टप्प्यातील तक्त्यात जे चुकलेले आढळले, ते त्याच आठवड्यात दुरुस्त करून फाटकावरची छापील प्रत बदलावी.